ओक्लाहोमा : धावत जिंकलेली भूमी

१/ २२ एप्रिल १८८९, दुपारचे बारा. इशारा होताच सीमेवर खोळंबलेले हजारो लोक घोड्यांवरून, गाड्यांतून, पायी धावत सुटले. जो आधी खुंटी रोवील, त्याचा १६० एकरांवर हक्क!

२/ मात्र हा प्रदेश बेवारस नव्हता. १८३० च्या कायद्यान्वये पूर्वेकडून हुसकावलेल्या जमातींना तो दिला होता. १८६६ च्या तहांनी क्रीक व सेमिनोल यांच्याकडून हा भाग काढून घेतला गेला.

३/ १८९० मध्ये पश्चिमेस ‘ओक्लाहोमा टेरिटरी’ स्थापन झाली. पूर्वेस ‘इंडियन टेरिटरी’ उरली. १९०५ मध्ये तेथील जमातींनी ‘सेक्वोया’ या स्वतंत्र राज्याची घटना रचली, मतदारांनी ती मंजूरही केली. अमेरिकी काँग्रेसने ती मानली नाही.

४/ १६ नोव्हेंबर १९०७ रोजी दोन्ही प्रदेश जोडून ४६ वे राज्य निर्माण झाले. त्याचे नाव मात्र चोक्टॉ भाषेतलेच राहिले : ‘तांबडे लोक’.