टायरचे नाव आणि ट्रकवाल्यांचा भरवसा

मुंबई–कोलकाता महामार्ग गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी आणि देवरी तालुक्यांतून छत्तीसगडात शिरतो. पूर्वी याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. गोंदियाचा तांदूळ, भिलाईचे पोलाद आणि छत्तीसगडचे सिमेंट या वाटेने जाते. जड माल, लांब पल्ला आणि विदर्भाचा उन्हाळा यांत टायरचा कस लागतो. मात्र ट्रकवाल्यांनी कोणत्या नावावर विसंबावे, हे केवळ रस्त्यावर ठरत आले नाही. कारखान्यांतील घडामोडी आणि सरकारी नियम यांचाही त्यात वाटा आहे.

आरंभीचा काळ परदेशी नावांचा होता. डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये हुगळी जिल्ह्यातील साहागंज येथे सुरू झाला. फायरस्टोनचा मुंबईत शिवडीला होता. मूळच्या इटालियन सिएटने १९५८ मध्ये मुंबईत पाय रोवले. खेळण्यातील फुगे बनवणारी मद्रासची एमआरएफ १९५२ मध्ये रिट्रेडिंगच्या रबराकडे वळली आणि १९६१ मध्ये अमेरिकेच्या मॅन्सफिल्डच्या सहकार्याने टायर बनवू लागली.

ट्रकच्या धंद्यात हे रिट्रेडिंग महत्त्वाचे असते. नक्षी झिजली तरी आतला सांगाडा शाबूत असेल, तर त्यावर नवे रबर चढवून टायर पुन्हा चालवता येतो. त्यामुळे मालक दुकानातल्या किमतीपेक्षा प्रत्येक किलोमीटरमागचा खर्च पाहतो. या सांगाड्यात सुती धाग्याहून नायलॉन धक्का आणि ओल अधिक सोसतो. १९७० च्या दशकात नायलॉन टायर रुळले आणि देशी कंपन्यांची पत वाढली.

जुनी नावे मागे पडली ती मुख्यतः मालकी आणि पुरवठा विस्कटल्याने. फायरस्टोनने भारत सोडल्यावर शिवडीच्या कारखान्याचे नाव दोनदा बदलले, शेवटी तो बंद पडला. डनलॉप १९८४ मध्ये छाब्रिया समूहाकडे गेली आणि १९९८ मध्ये साहागंजला टाळे लागले. माल वेळेवर मिळेना आणि फुटलेल्या टायरचा दावा ऐकायला कंपनी उरली नाही, की विक्रेता दुसरे नाव पुढे करतो. याउलट १९८२ मध्ये गोएंका समूहाकडे गेलेली सिएट टिकून राहिली.

पुढचा बदल रेडियलचा. पोलादी तारांचा हा टायर कमी तापतो आणि डिझेल वाचवतो. पण हवा कमी असली किंवा माल जास्त भरला, तर त्याची बाजू लवकर निकामी होते. म्हणून ओव्हरलोड ट्रकांवर नायलॉनच दीर्घकाळ टिकला. रस्ते चौपदरी होत गेले आणि जादा मालावर निर्बंध आले, तसा रेडियलवरचा अविश्वास ओसरला.

त्यानंतर स्वस्त चिनी रेडियलांचा ओघ आला. २०१७ मध्ये त्यांवर अँटी-डम्पिंग शुल्क बसले, किमतीतील तफावत घटली आणि देशी कंपन्यांना तिकडे वळलेले गिऱ्हाईक परत मिळवण्याची संधी मिळाली.