धुरक्यापासून निदानापर्यंत

२६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे दाट धुरके पसरले. महायुद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायू सोडला असावा, अशी शंकाही काहींना आली. खरे कारण कळायला बरीच वर्षे जावी लागली. मूळचे डच असलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते दाखवून दिले. मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून बाहेर पडणारी हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, आणि त्यातून हे धुरके बनते. आजच्या मोटारीतील ऑक्सिजन संवेदकाच्या इतिहासाची सुरुवात इथे आहे.

मोटारीच्या धुरात तीन प्रमुख प्रदूषके असतात. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांना ऑक्सिजन द्यावा लागतो, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून तो काढून घ्यावा लागतो. ही दोन्ही कामे एकाच उत्प्रेरकाकडून करून घ्यायची, तर १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा हे प्रमाण काटेकोरपणे सांभाळावे लागते. साध्या कार्ब्युरेटरला ते जमण्यासारखे नव्हते.

हे कोडे सोडवायला विद्युत-रसायनशास्त्र उपयोगी पडले. बारावीच्या पुस्तकात भेटणारे नर्न्स्टचे समीकरण १८८९ सालचे आहे. झिर्कोनियाच्या तापलेल्या पडद्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू शकतात. पडद्याच्या एका बाजूस बाहेरची हवा व दुसऱ्या बाजूस इंजिनाचा धूर असला, की दोन्हींकडच्या ऑक्सिजनमधील तफावतीमुळे विद्युतदाब निर्माण होतो. पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. बॉश कंपनीचा असा संवेदक १९७६ मध्ये व्होल्वो मोटारीत बसवण्यात आला. संवेदकाने सांगावे आणि त्याप्रमाणे इंधन कमी-जास्त व्हावे, असे हे चक्र होते. पुढे हा हिशेब इंजिनाचा संगणक करू लागला.

मात्र संवेदक बिघडला, तर गाडी चालत राहते आणि प्रदूषण गुपचूप वाढते. म्हणून कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने १९८८ च्या मोटारींपासून, बिघाड झाल्यास चालकासमोर दिवा लागलाच पाहिजे, असा नियम केला. या मंडळाचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मितच होते. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना एकाच प्रकारची १६ टाचण्यांची जोडणी व समान सांकेतिक क्रमांक आले. इंजिन चालू असताना संवेदकांचे आकडे कोणत्याही कारागिराला वाचता येऊ लागले.

इथेच एक चूक सर्रास होते. ‘पी ०१७१’ या क्रमांकाचा अर्थ इंधन कमी पडत आहे, एवढाच. तो वाचून ऑक्सिजन संवेदकच बदलणे, म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. शिवाय संवेदक पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तरी न वापरलेला ऑक्सिजन धुरात येतो आणि संवेदक ‘हवा जास्त’ असेच सांगतो.

मग निदान करायचे कसे? त्यासाठी संगणकाने इंधनात किती टक्के भर घातली, हा आकडा पाहावा. आणि तो इंजिनाच्या दोन वेगवेगळ्या गतींना पाहावा. समजा, हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या संवेदकाच्या पुढे रबरी नळीला चीर पडली आहे आणि तिच्यातून सेकंदाला ०.६ ग्रॅम हवा न मोजता आत शिरते आहे. गाडी उभी असताना, इंजिन मंद चालू असताना, मोजलेली हवा ३ ग्रॅम असेल, तर भर २० टक्के घालावी लागेल. गती वाढवून मोजलेली हवा १५ ग्रॅम झाली, की तीच चीर केवळ ४ टक्क्यांची उरते. भार आल्यावर आतील निर्वात कमी झाल्यास चिरेतून येणारी हवाही घटते. उलट, मंद गतीला भर थोडी आणि गाडीवर भार आल्यावर ती वाढत असेल, तर संशय पेट्रोलचा पंप किंवा गाळणी यांच्यावर घ्यावा. सांकेतिक क्रमांक दोन्ही वेळा एकच असू शकतो. आकडे बदलतात कसे, यावरून बिघाडाची जागा कळते.

भारतातही आता अशी यंत्रणा नव्या मोटारींत असते, आणि आकडे वाचणारी उपकरणे लहान गॅरेजांतही पोहोचली आहेत. तिथे शिकणाऱ्या मुलाला क्रमांकांची यादी पाठ असणे पुरेसे नाही. ०.६ ला आधी ३ ने आणि मग १५ ने भागून पाहण्याची सवय त्याला शाळेतच लागलेली असेल, तर चांगला संवेदक कचऱ्यात जाणार नाही आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचतील.