अक्षर आपलं, जागा कोणाची?

मंडळी, ब्लॉग लिहायला शिकवणाऱ्या ऑनलाइन कोर्सला सध्या आपल्या भागातली बरीच पोरं-पोरी नाव नोंदवतायत. चांगली गोष्ट आहे. अशा कोर्सचा पहिला धडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: कॉम्प्युटर तयार करा आणि वेबवर जागा घ्या. एका दुपारी उरकतो, म्हणून त्याकडे कुणी नीट बघत नाही. पण मराठी माणसाला ही दोन कामं इतकी सोपी व्हायला पंधरा-वीस वर्षं लागली. तो इतिहास माहीत नसेल तर आपण लिहिलेलं कधी आणि का नाहीसं होतं, हेही कळत नाही. म्हणून हा लांबलचक प्रपंच.

आधी कॉम्प्युटरचं बघू.

कॉम्प्युटर आला तो इंग्रजी घेऊन. भारतीय लिप्या त्यात बसवायचं सुरुवातीचं मोठं काम आयआयटी कानपूरला झालं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली आणि ते काम तिथे पुढे गेलं. 'जिस्ट' नावाचं एक कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने 'इस्की' नावाचं प्रमाणही ठरवून दिलं. म्हणजे कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हे कागदावर ठरलेलं होतं.

गावोगावच्या डीटीपी सेंटरमध्ये मात्र वेगळंच चाललं. तिथे राज्य होतं फॉन्टचं. या जुन्या फॉन्टची युक्ती साधी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची चित्रं बसवायची. कॉम्प्युटरच्या लेखी ती फाइल इंग्रजी अक्षरांचीच, फक्त दिसायला मराठी. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये 'क' एका जागी, दुसरीच्या फॉन्टमध्ये भलत्याच जागी. छापायचं असेल तोवर काही बिघडत नव्हतं, कारण कागदावर उतरलं की काम संपलं. पण तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसता कचरा. मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली तेव्हा वाचकाला आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा. आणि त्यातला मजकूर शोधायचा तर प्रश्नच मिटला.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा एकच क्रमांक. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. तो पुण्यात तोच आणि न्यू जर्सीतही तोच. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालीच आली आणि देवनागरी तिच्यात होती. पण पुस्तकात क्रमांक असून भागत नाही, कॉम्प्युटरला तो कळावा लागतो. विंडोजमध्ये ती सोय आली विंडोज २००० पासून. पुढच्या एक्सपीमध्येही ती आपोआप चालू नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन खूण करायची, मग ते यंत्र सीडी मागायचं. सीडी नसली की 'कि' लिहिताना वेलांटी एकीकडे आणि क एकीकडे. सायबर कॅफेत बसून मराठी लिहू पाहणाऱ्याला आधी कॅफेवाल्याची मनधरणी करावी लागायची. 'कॉम्प्युटर तयार करा' या तीन शब्दांत तेव्हा एवढं सगळं होतं.

आणखी दोन बारीक गोष्टी सांगतो. 'ॲप' लिहिताना लागणारा 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ साली. तोवर अ वर चंद्र चढवून काम भागवलं जायचं. आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला तो आडवा अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. दिसायला एकच, आत क्रमांक वेगळे. त्यामुळे साधा शोध घेतला तर एका पद्धतीने लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीने सापडेलच असं नाही.

आता जागेकडे येऊ.

वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत मांडली. १९९१ साली पहिलं संकेतस्थळ जगापुढे आलं. पण इतिहास घडवणारी तारीख माझ्या मते ३० एप्रिल १९९३ आहे. त्या दिवशी सर्नने हे तंत्र सगळ्यांना फुकट वापरायला मोकळं केलं. यावर मालकी ठेवली असती तर आज काय झालं असतं, याचा विचार करा.

आपल्याकडे सामान्य लोकांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत, टेलिफोनच्या तारेवरून. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं. २००३ च्या महाराष्ट्र दिनी मराठी विकिपीडिया सुरू झाला.

ज्याला स्वतःचं पान हवं होतं, त्याच्यासाठी जिओसिटीज होतं. १९९४ साली सुरू झालेली ही कंपनी फुकट जागा द्यायची, आणि लाखो लोकांनी तिथे घरं बांधली. १९९९ साली याहूने ती साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त मोल देऊन विकत घेतली. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद करून टाकली. काही हौशी स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून ठेवलं, म्हणून थोडंफार वाचलं. ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरअखेर गेलं, गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये. कंपन्यांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. जागा त्यांची होती, त्यांनी ती बंद केली.

जागा बंद करणारा मालकच असतो असंही नाही. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर काही दिवसांत सरकारने मोजकी पानं बंद करायचा आदेश काढला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांपैकी काहींनी ती पानं वेगळी काढायच्या भानगडीत न पडता ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड आणि जिओसिटीज सरसकट बंद केले. ज्याचा कशाशी संबंध नाही, अशा कविता नि पाककृती लिहिणाऱ्यांचे ब्लॉगही काही दिवस दिसेनासे झाले. एका वाड्यात एका खोलीवर जप्ती आली म्हणून अख्ख्या वाड्याला कुलूप लावलं, तसला प्रकार.

उलट उदाहरणही आहे. बी-टू नावाची ब्लॉग चालवायची एक मोफत प्रणाली होती. तिचं काम थंडावलं. पण तिची आतली रचना सगळ्यांना खुली होती, म्हणून मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ती उचलून पुढे नेली. २००३ साली त्यातून वर्डप्रेस जन्माला आलं. आज जगातली कितीतरी संकेतस्थळं त्यावर चालतात. करणारा थांबला तरी काम थांबलं नाही.

आपल्या पत्रकारितेला हे नवीन नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं. ते साडेआठ वर्षंच चाललं, पण त्यातला मजकूर आजही वाचायला मिळतो. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून १९६७ पर्यंत 'दीनमित्र' चालवलं, तेही पुण्या-मुंबईतून नाही, तर नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. शेतकऱ्याची गोष्ट सांगायला स्वतःचं पत्र हवं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि आपण? ग्रामसभेत काय ठरलं, पाणी योजनेचं काम का रखडलं, रस्त्यासाठी कुणाची जमीन गेली, हे सगळं आपण आता व्हॉट्सॲपवर टाकतो. दहा वर्षांनी एखादा शेतकरी पुरावा मागायला आला तर काय दाखवणार? आपल्याच भागातल्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या पंधरा वर्षांच्या फायली सीडीवर आहेत. फॉन्ट कोणता होता, ते आज कुणाला सांगता येत नाही. तालुक्याचा पंधरा वर्षांचा इतिहास हातात आहे आणि वाचता येत नाही.

म्हणून कोर्स करणाऱ्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, टाइप करा ते युनिकोडमध्येच. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, पैसे लागत नाहीत. इनस्क्रिप्ट शिकलात तर उत्तम, नाहीतर उच्चारानुसार टाइप करायची सोयही आहे.

दोन, पत्ता स्वतःच्या नावावर घ्या. डॉट इन सगळ्यांसाठी २००५ पासून खुलं आहे, देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून. पण हा सातबारा नाही, भाडेपट्टा आहे. मुदत संपायच्या आत पैसे भरावे लागतात. आणि नोंदणी साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर नको, तुमच्याच नावावर हवी.

तीन, सुरुवातीला फुकट जागा घेतली तरी चालेल. मात्र ब्लॉगर असो की वर्डप्रेस, सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय दोन्हीकडे आहे. महिन्यातून एकदा ती फाइल काढा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

चार, महत्त्वाची बातमी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करा. पानाचा पत्ता टाकायचा, बटण दाबायचं, झालं.

हे सगळं मी फेसबुकवरच लिहितोय, कारण तुम्ही सगळे इथे आहात. चावडीवर बोलायला चावडीवरच यावं लागतं. पण दप्तर चावडीवर ठेवून घरी जायचं नसतं. या लेखाची मूळ प्रत माझ्याकडे आहे.

शेवटी एक विनंती. कुणाच्या घरी जुन्या स्थानिक साप्ताहिकांचे अंक, डीटीपीच्या फायली किंवा सीडी पडून असतील तर रद्दीत घालू नका. आधी मला कळवा. फॉन्ट ओळखता आला तर त्या मजकुराचं युनिकोड करता येतं. कोर्स करणाऱ्या पोरांना यापेक्षा चांगला पहिला गृहपाठ कुठला असणार?