हरिभाऊंचा चाणक्य

ज्या कथेचा शेवट सर्वांस ठाऊक, तींत रहस्य तें कोणतें राखावें? हरि नारायण आपटे सन १९०२ च्या सुमारास आपल्या 'करमणूक' पत्रांत 'चंद्रगुप्त' लिहूं लागले, तेव्हां हाच पेंच त्यांच्यापुढें होता. नंद बुडणार, मौर्य राज्यावर येणार, हें शाळेंतलें पोरही सांगेल. हरिभाऊंनीं कुतूहल ठेविलें तें नंदाच्या अंतःपुरांत. तेथें सूडानें जळणारी मुरादेवी आणि बाहेर तो सूड आपल्या कामीं लावणारा चाणक्य! तिचें मन ऐन वेळीं फिरेल काय, ही एक धास्ती वाचकाला पुढच्या अंकापर्यंत पुरे.

शिवकालावरील 'उषःकाला'स बखरींचा आधार होता. येथें हाताशीं होतें विशाखदत्ताचें 'मुद्राराक्षस'. काशीनाथ त्रिंबक तेलंगांनीं तें १८८४ सालीं मुंबईंत संपादून प्रसिद्ध केलें होतें. त्यांत अमात्य राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हातीं लागते व एका बनावट पत्रावर सारें राजकारण फिरतें. पण त्या नाटकाचा पडदा उघडतो तोच नंदवधानंतर! त्यापूर्वींचें कारस्थान कादंबरीकारास बव्हंशीं कल्पनेनेंच रचावें लागलें.

कौटिल्याचें 'अर्थशास्त्र' शामशास्त्र्यांनीं म्हैसुरास छापलें तें १९०९ सालीं. तापस, विद्यार्थी, व्यापारी यांच्या वेषांतले हेर, त्यांच्या नेमणुका, सारें त्यांत ओळीनें आहे. हा ग्रंथ हरिभाऊंस आधीं मिळता, तर त्यांचा चाणक्य अधिक अस्सल उतरला असता, यांत शंका नाहीं. मुरादेवीस मात्र इतकी जागा उरली असती, असें मला वाटत नाहीं.