राजाबाईचा मुलगा

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे चित्र आपल्या मुलांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. ही राजाबाई कोण, असे वर्गात विचारले तर "राणी असेल, सर" हे उत्तर ठरलेले. ती राणी नव्हती. सुरतेच्या एका लाकूड व्यापाऱ्याची बायको आणि प्रेमचंद रायचंद यांची आई.

प्रेमचंद जन्मले 1831 च्या सुमारास. घर जैन. मुंबईत येऊन ते इंग्रजी शिकले आणि विशीच्या आसपास एका शेअर दलालाच्या हाताखाली लागले. त्या काळी देशी दलालांत इंग्रजी लिहिता-बोलता येणारा माणूस सापडणे मुश्किल. प्रेमचंद गोऱ्या बँकवाल्यांशी थेट बोलू शकत होते. दोन भाषा शिकवून पोट भरणारा माणूस म्हणून मी भाषेला जरा जास्तच मोल देत असेन, पण त्यांचे नशीब फिरले ते इथेच.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळ्यांची नजर आपल्याकडच्या काळ्या मातीकडे वळली. कापसाचे भाव कितीतरी पट चढले. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यातले छावणीचे गाव आणि कापसाची मोठी पेठ. पिकवणारे इकडे, पण पैसा साचला मुंबईत. त्या पैशावर रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. या साऱ्या खेळाचे राजे होते प्रेमचंद. त्यांनी शब्द टाकला की बँक ऑफ बॉम्बे कर्ज देई. हळदीच्या वायद्याने चढवलेले आणि झोपवलेले व्यापारी आपण हिंगोली-वसमतला पाहतो. हा तसलाच प्रकार, फक्त अफाट.

तेजी टिपेला असताना, 1864 मध्ये, त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एकच, नाव आईचे. आई अंध होती, सूर्यास्तापूर्वी जेवणाचा तिचा नेम चुकू नये म्हणून घड्याळाचे टोले हवे होते, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, खरी मानायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. लढाई संपली तसा कापूस पडला. वायद्याचे सौदे 1 जुलैला चुकते करायचे होते. त्या दिवशी मुंबई बुडाली. पुढे प्रेमचंदही बुडाले, आणि बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. तिच्या चौकशीसाठी आयोग बसला, त्यात प्रेमचंदांना दिलेल्या कर्जांचा विषय निघालाच. त्यांच्यामागे धावून धुळीला मिळालेली घरे किती असतील! दानशूर म्हणून त्यांचे चरित्र सांगणारे हे पान भराभर उलटतात. ते मला पटत नाही.

खेड्यात तर ही घसरण दहा वर्षे मुरत राहिली. तेजीत काढलेली कर्जे, उतरलेले भाव, वाढलेला शेतसारा. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. याच वर्षी जुलैत मुंबईच्या देशी दलालांनी आपली संघटना उभी केली, तीच आजच्या मुंबई शेअर बाजाराची आई. संस्थापकांत प्रेमचंदांचे नाव घेतात. बुडालेला दलाल दहा वर्षांत पुन्हा उभा राहिला. सुप्याच्या शेतकऱ्याला तशी सोय नव्हती.

आपल्या विचाराने पाहिले तर ही सारी सट्ट्याची कमाई. अशा पैशाचे दान सदका-ए-जारिया म्हणावे का, हे आलिमांना विचारावे. इतिहासाच्या वाचकाला मात्र एवढे दिसते की घरात ठेवलेले लाखो गेले आणि विद्यापीठाला दिलेले चार लाख वाचले. ग्रंथालय आणि मनोरा 1878 मध्ये पुरे झाले. प्रेमचंद 1906 पर्यंत जगले, म्हणजे तो मनोरा त्यांनी पुढे अठ्ठावीस वर्षे पाहिला.

कोलकाता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले होते. त्यातून निघालेली शिष्यवृत्ती 1897 मध्ये जदुनाथ सरकारांना मिळाली. तिच्यासाठी त्यांनी अभ्यासाला घेतला औरंगजेबाच्या काळातला हिंदुस्थान, त्याचे सुभे आणि रस्ते, तेही फारसी साधने उलगडून. ग्रंथ 1901 मध्ये छापून आला. कापसाच्या सट्ट्यातला पैसा फिरत फिरत आलमगीरच्या दफ्तरापर्यंत पोचला होता.