मोटारीची तबकडी : जुनी आणि नवी

मोटार हांकणाऱ्याचें लक्ष रस्त्याच्या खालोखाल जर कशाकडे असेल तर तें समोरच्या तबकडीकडे असतें. तिला आपल्याकडे सरसकट ‘मीटर’ म्हणतात. तींत वेगाचा कांटा असतो, पेट्रोलचा कांटा असतो, आणि एका बारीक खिडकींत गाडी आजवर किती चालली त्याचे आंकडे असतात. जुन्या गाडीच्या मालकाला केव्हांना केव्हां वाटतें कीं, याच जातीच्या नव्या गाडीचा मीटर अधिक सुबक आहे, त्यांत चार गोष्टी जास्त दिसतात, तो आणून आपल्या गाडीला बसवावा. भंगारांत असे मीटर स्वस्त मिळतात. ही हौस आजची नाहीं, आणि तिच्यांत वाईटहि कांहीं नाहीं. परंतु तिच्या पोटांत एक पेंच आहे. तो मला पुस्तकांत सांपडण्यापूर्वीं घाटांत सांपडला, म्हणून आधीं घाटाची हकीगत सांगतों.

सन १९९२ मध्यें मीं एक जुनी मोटार घेतली. खिडकींतला आंकडा ४१ हजार किलोमीटरांचा होता. मास्तरकीच्या पगारांत याहून चांगली गाडी मिळणार नाहीं अशा समजुतीनें मीं ती आनंदानें घरीं आणली, आणि आंकड्यावर भिस्त ठेवून ब्रेक उघडून पाहण्याचा खर्च पुढें ढकलला. दोन महिन्यांनीं सहकुटुंब साताऱ्यास जातांना खंबाटकीच्या उतारावर ब्रेक दाबतां पाय खोल जाऊं लागला. हातब्रेक आणि पहिला गिअर यांच्या आधारानें, ईश्वराचें नांव घेत, गाडी खालीं आणली. वाईच्या फाट्यावर एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनीं चाक काढलें. लायनर झिजून पत्रा उघडा पडला होता.

“मास्तर, गाडी किती चालली म्हणतां?” त्यांनीं विचारलें. मीं आंकडा सांगितला. ते हंसले नाहींत. त्यांनीं फळीखालीं हात घालून मीटरच्या मागच्या वायरी मला दाखविल्या. त्या कापून पुन्हां जोडल्या होत्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. “हा मीटर पुढच्या सालच्या गाडीचा आहे. तो ४१ हजार चालला असेल. गाडी नव्हे.”

विकणाऱ्यानें मला फसविलें असें मी म्हणत नाहीं. त्यानें तो मीटर केवळ हौसेनें बसविला असेल. पण हौसेनें झालें काय, कपटानें झालें काय, उतारावर फळ एकच. (मंडळींनीं मात्र परतीचा प्रवास एस. टी. नेंच केला.)

आतां असें कां व्हावें? वेगाचा कांटा बदलला तर गाडीचा मागचा हिशेब कां बदलावा? याचें उत्तर इतिहासांत आहे.

अंतर मोजण्याची विद्या वेग मोजण्याच्या विद्येहून फार जुनी. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हिअस यानें आपल्या ग्रंथांत एका गाडीचें वर्णन केलें आहे. तिचें चाक चार फूट व्यासाचें, म्हणजे एका फेऱ्यांत सुमारें साडेबारा फूट वाट कापणारें. असे ४०० फेरे झाले कीं ५,००० फुटांचा रोमन मैल पुरा होई, आणि दांतेरी चाकांच्या योगानें एक गोटा खालच्या धातूच्या भांड्यांत पडे. मुक्कामावर गोटे मोजावे, तितके मैल झाले. ही युक्ति पूर्वजांपासून आली असें तो स्वतःच म्हणतो.

याच युक्तीचा एक हृद्य अवतार १८४७ सालीं अमेरिकेंत दिसतो. मॉर्मन पंथाचे लोक बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे निघाले होते. त्यांच्यांतील विल्यम क्लेटन याच्याकडे रोजची मजल लिहिण्याचें काम होतें, पण अंदाजानें लिहिणें त्याला रुचेना. त्यानें एका चाकाचा घेर मोजला. तो १४ फूट ८ इंच भरला. म्हणजे बरोबर ३६० फेऱ्यांचा एक मैल. चाकाला तांबडी चिंधी बांधून तो दिवसभर गाडीच्या बाजूनें चालला आणि फेरे मोजीत राहिला! कांहीं दिवसांनीं ऑर्सन प्रॅट यानें दांतेरी चाकांची योजना सुचविली, ॲपलटन हार्मन या सुतारानें ती लांकडांत घडविली, आणि क्लेटनची सुटका झाली. पुढच्याच वर्षीं क्लेटननें मागून येणाऱ्यांसाठीं मार्गदर्शक पुस्तक छापलें, त्याला या मोजणीचा आधार होता. मैलांचा आंकडा हा स्वतःसाठीं नसून मागून येणाऱ्यासाठीं असतो, हें त्या चिंधीवाल्या गृहस्थाला पक्कें कळलें होतें.

वेग दाखविणारा कांटा मात्र मोटारीच्या युगांतला. स्ट्रासबुर्ग शहर, जें तेव्हां जर्मनींत होतें व आज फ्रान्समध्यें आहे, तेथील ओटो शुल्त्झे यानें १९०२ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. गाडीच्या चाकाकडून किंवा गिअरपेटीकडून एक लवचीक केबल तबकडीमागें येते आणि तेथें एका लोहचुंबकाला फिरविते. चुंबकाच्या भोंवतीं ॲल्युमिनमची हलकी वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाहीं. परंतु फिरत्या चुंबकामुळें वाटींत विजेचे भोंवरे उठतात आणि वाटी चुंबकामागें ओढली जाऊं लागते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागें खेंचते. या ओढाताणींत वाटी जेथें स्थिरावेल तेथें कांटा. ही साधी युक्ति जगभर ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालली.

आणि येथेंच तो पेंच पडला. केबल फिरतेच आहे, तर तिच्यावरच अंतराचीं आंकड्यांचीं चाकेंहि फिरवावीं, असा काटकसरीचा विचार कारखानदारांनीं केला. वेगाचा कांटा आणि मैलांचे आंकडे एका डब्यांत बसले. वस्तुतः दोघांचें काम निराळें. कांटा या क्षणापुरता बोलतो. गाडी थांबली कीं तो शून्यावर येऊन सर्व विसरतो. आंकडे मात्र कांहींच विसरत नाहींत. एक डोळा आहे, दुसरी स्मृति. पण केबल एक म्हणून डबा एक, आणि डबा एक म्हणून, जो डोळा बदलतो तो नकळत दुसऱ्याची स्मृतिहि आपल्या गाडीला चिकटवितो.

केवळ डोळा बदलण्यास माझी हरकत नाहीं, हें स्पष्ट करण्यासाठीं फोक्सवॅगनच्या ‘बीटल’ गाडीचें उदाहरण घेतों. जगांत २ कोटि १५ लाखांहून अधिक निघालेली ही गाडी. तिचें उत्पादन २००३ सालीं मेक्सिकोंत थांबलें. पण प्रारंभींच्या अनेक वर्षांत हिला पेट्रोलचा कांटाच नव्हता! एंजिन आचके देऊं लागलें म्हणजे चालकानें पायानें एक तोटी फिरवावयाची; मग राखीव साठ्यांतून कांहीं लिटर मिळत. तोटी आधींच फिरलेली असेल तर पायीं चालावें. सन १९६१ मध्यें कांटा आला. पुढें १९६७ सालीं तो विजेवर चालणारा होऊन वेगाच्या तबकडींतच बसला. मग जुन्या बीटलच्या मालकाला नवी तबकडी हवीशी वाटली तर त्याला दोष कोण देईल?

तथापि हौस आणि हिशेब यांची गांठ घालावी लागते. भोंकांत तबकडी बसली म्हणजे काम झालें असें नव्हे. बीटलची वीज प्रारंभीं ६ व्होल्टची होती, नंतर १२ ची झाली. तेव्हां नव्या तबकडीचे दिवे आणि कांटा जुन्या विजेवर नीट चालत नाहींत. पेट्रोलचा विजेचा कांटा टांकींतल्या तरंगत्या खुणेशीं जोडलेला असतो. जुन्या टांकींत ती खूणच नाहीं. शिवाय बीटलच्या वेगाची केबल पुढच्या डाव्या चाकाच्या टोपणांतून निघते. म्हणून त्या चाकाचा टायर लहानमोठा घातला तरी कांटा खोटें बोलूं लागतो.

ज्या गाड्यांत केबल गिअरपेटींतून येते, तेथें आणखी एक गणित आहे. इंग्लंडांतील स्मिथ्स कंपनीच्या कित्येक तबकड्यांवर एक बारीक आंकडा छापलेला असे. दर मैलाला केबलचे किती फेरे झाले असतां ही तबकडी खरें बोलेल, याचा तो आंकडा. समजा, आपल्या गाडींत मैलाला १,००० फेरे होतात आणि नवी तबकडी १,२५० फेऱ्यांची आहे. मग गाडी ताशीं ६० मैल धांवत असतां कांटा ४८ दाखवील, आणि हजार मैलांचा प्रवास आठशेंच नोंदला जाईल. वर्गांत त्रैराशिक शिकवितांना असें उदाहरण मला सुचलें असतें तर मुलें जागीं राहिलीं असतीं.

स्मृतीच्या बाबतींत कायद्याला फार उशीरा जाग आली. अमेरिकेंत १९७२ सालीं झालेल्या कायद्यानें आंकडे मागें फिरविणें देशभर बेकायदा ठरलें. पण त्या कायद्यानें बदलण्याची वाट बंद केली नाहीं, हें मला विशेष वाटतें. मीटर दुरुस्त करा, नवा बसवा. मात्र त्यावर जुनाच आंकडा आणा. तें शक्य नसेल तर शून्यावर आणा आणि डाव्या दाराच्या चौकटीवर लेखी चिठ्ठी लावा : पूर्वींचा आंकडा इतका होता, अमुक तारखेस बदलला. जर्मनींत २००५ पासून असा आंकडा खोटा करणाऱ्यास कैदेची शिक्षा आहे.

तोंवर केबल जाऊन तिची जागा विजेच्या संकेतांनीं घेण्यास प्रारंभ झाला होता. ॲस्टन मार्टिन कंपनीनें १९७६ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत ‘लगोंडा’ ही गाडी मांडली. तींत कांट्यांऐवजीं चमकणारे अंक होते. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९८६ मध्यें गाडींतील यंत्रांनीं एकाच जोडतारेवर परस्परांशीं बोलण्याची पद्धति जाहीर केली. आतां मीटर हा नुसता डबा राहिला नाहीं, बोलणाऱ्या पंगतींतला एक झाला. फोक्सवॅगनच्याच १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरच्या गाड्यांत चोरी रोखणारें कुलूप मीटरच्या आंतच बसविलें होतें. अशा गाडीला नव्या गाडीचा मीटर तसाच लावला तर किल्ली फिरवितांच एंजिन सुरू होतें आणि क्षणांत बंद पडतें. मीटर किल्लीला ओळखत नाहीं! जुनी ओळख नव्या डब्यांत रीतसर उतरवून घेतल्यावांचून गाडी जागची हलत नाहीं. कायद्यानें जें दाराच्या चौकटीवर चिठ्ठी लावून साधावयाचें होतें, त्यांतलें थोडें यंत्रानें असें परभारें साधलें. पूर्णपणें नव्हे, आंकडे बदलून देणारे कारागीर याहि काळांत आहेतच.

माझ्या गाडीचा तो परका मीटर मीं काढला नाहीं. तो उत्तम चालत होता, आणि खरा मीटर कोठें गेला हें कोणालाच ठाऊक नव्हतें. पुढें अमेरिकेंतल्या त्या चिठ्ठीची माहिती वाचनांत आली, तेव्हां वहीचें एक पान फाडून त्यावर लिहिलें : “मीटर दुसऱ्या गाडीचा आहे. गाडी माझ्याकडे आली तेव्हां आंकडा ४१ हजार होता. त्यापूर्वीं ती किती चालली हें मला माहीत नाहीं.” तें पान डाव्या दाराच्या आंतल्या बाजूस चिकटविलें. कांहीं वर्षांनीं गाडी विकावयास काढली तेव्हां घेणाऱ्या गृहस्थांनीं दार उघडून तें पान दोनदां वाचलें, ठरलेल्या किंमतींतून तीन हजार रुपये कमी करावयास सांगितले, आणि मीं ते केले.