घरगुती ध्वनिमुद्रण व ध्वनिमुद्रिका-कंपन्या : अमेरिकेंतील एका वादाचा इतिहास (इ. स. १९७१–२००८)

ज्या साधनांवर इतिहास लिहावयाचा तीं साधनें आपल्या हातीं कोणत्या वाटेनें आलीं, याचा विचार संशोधकास पदोपदीं करावा लागतो. आपल्याकडील बखरी बहुधा मूळ प्रतींवरून नव्हे, तर नकलांवरून आपणांस ठाऊक झाल्या आहेत. आणि त्या नकलांपैकीं अनेक खासगी घराण्यांच्या दप्तरांतून मिळालेल्या आहेत. विसाव्या शतकांतील आवाजाच्या साधनांची स्थिति फारशी निराळी नाहीं. नभोवाणीवरून जें गायन-वादन झालें त्यांतील पुष्कळसें केंद्रांनीं राखिलें नाहीं. कोणी श्रोत्यानें टिपून घेतलें तेवढेंच उरलें. अशी नक्कल घरीं करण्याचा हक्क श्रोत्यास आहे कीं नाहीं, या प्रश्नावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दीर्घकाळ वाद चालला. नभोवाणी अंकीय, म्हणजे डिजिटल, झाल्यावर त्या वादास जें वळण लागलें, त्याचा वृत्तांत देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें मत असें कीं, या वादांत श्रोत्याचा हक्क कोणत्याही न्यायालयानें अखेरचा निकाल देऊन नाकारला नाहीं, किंवा कोणत्याही कायद्यानें काढून घेतला नाहीं. तो खासगी करारांत विरून गेला.

१. पूर्वपीठिका

हा प्रश्न प्रथम धसास लागला तो पश्चिम जर्मनींत. चुंबकीय फितीवर आवाज टिपणारीं यंत्रें दुसऱ्या महायुद्धानंतर सामान्य लोकांच्या घरांत येऊं लागलीं. १९५५ सालीं तेथील सर्वोच्च संघीय न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, खासगी उपयोगासाठीं केलेल्या मुद्रणासही संगीतकाराची संमति लागते. निर्णय झाला, पण अंमल कसा करावा? प्रत्येकाच्या घरांत शिरून पाहणें शक्य नव्हतें. संगीतकारांच्या संस्थेनें अशी मागणी केली कीं, यंत्र विकणाऱ्यांनीं गिऱ्हाइकांचीं नांवें तिला कळवावीं. १९६४ सालीं न्यायालयानें ती नाकारली. अखेर १९६५ च्या कायद्यानें घरगुती मुद्रणास मोकळीक देऊन त्याचा मोबदला यंत्रें बनविणाऱ्यांकडून घ्यावा, असें ठरलें. घराचा उंबरठा ओलांडावयाचा नाहीं, पण कलावंतासही रिकाम्या हातानें पाठवावयाचें नाहीं, हें त्या योजनेचें मर्म होय.

अमेरिकेंत ध्वनिमुद्रिकांस संघीय कायद्याचें स्वतंत्र संरक्षण १९७१ च्या दुरुस्तीनें प्रथम मिळालें. त्या दुरुस्तीसोबत प्रतिनिधिगृहाच्या समितीनें जें निवेदन केलें, तें या प्रकरणांतील पहिलें महत्त्वाचें साधन समजलें पाहिजे. नभोवाणीवरून अथवा मुद्रिकेवरून घरीं खासगी उपयोगासाठीं मुद्रण करणाऱ्यास अडविण्याचा हेतु नाहीं, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. मात्र हें निवेदनांत होतें, कायद्याच्या कलमांत नव्हतें. आणि पुढील सर्व वादाचें बीज या भेदांत आहे. पुढें १९८४ सालीं सोनी कंपनीच्या प्रकरणांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं असा निकाल दिला कीं, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम सवडीनें पाहण्यासाठीं घरीं मुद्रित करणें हा न्याय्य उपयोग होय. संगीताचा प्रश्न त्या दाव्यांत नव्हता. तरी श्रोत्यांच्या पक्षास त्यानें मोठा आधार मिळाला.

२. अंकीय फीत व १९९२ चा कायदा

फितीवर केलेली जुनी नक्कल मूळापेक्षां उणी असे, आणि नकलेची नक्कल त्याहून उणी. या उणेपणांतच व्यापाऱ्यांचें संरक्षण होतें. अंकीय मुद्रणांत आवाज आंकड्यांच्या रूपानें साठविला जातो, आणि आंकडे उतरून घेतांना झिजत नाहींत. शंभरावी नक्कलही पहिलीसारखीच निघते. १९८७ सालीं जपानी कंपन्यांनीं अंकीय फितीचें यंत्र बाजारांत आणलें तेव्हां ध्वनिमुद्रिका-कंपन्यांस भय वाटलें तें यामुळें. प्रथम सी. बी. एस. कंपनीनें एक उपाय सुचविला : संगीतांतील स्वरांचा एक अरुंद पट्टा मुद्रिकेंतून काढून टाकावा, आणि ती उणीव आढळतांच यंत्रानें मुद्रण थांबवावें. १९८८ सालीं सरकारी मानक संस्थेनें याची परीक्षा करून, यानें संगीत बिघडतें व ही युक्ति चुकवितांही येते, असा अभिप्राय दिला.

पुढें १९८९ सालीं अथेन्स येथें दोन्ही पक्षांत समेट झाला. यंत्रानें मूळावरून नक्कल करूं द्यावी, परंतु त्या नकलेवरून पुन्हां अंकीय नक्कल होऊं देऊं नये, असें ठरलें. गीतकार व प्रकाशक यांस हा समेट मान्य नव्हता. त्यांनीं १९९० सालीं सोनीवर दावा लाविला. त्याच्या तडजोडींतून २८ ऑक्टोबर १९९२ रोजीं घरगुती ध्वनिमुद्रणाचा कायदा अंमलांत आला. त्यानें अंकीय मुद्रणयंत्रावर किंमतीच्या दोन टक्के व कोऱ्या फितीवर तीन टक्के आकार बसविला. जमणाऱ्या रकमेपैकीं दोन-तृतीयांश ध्वनिमुद्रिकांच्या बाजूस व एक-तृतीयांश गीतकार-प्रकाशकांच्या बाजूस जावयाची होती. मोबदल्यांत, व्यापारासाठीं नसलेल्या संगीत-मुद्रणाबद्दल ग्राहकावर दावा चालणार नाहीं, असें कलम १००८ मध्यें लिहिलें गेलें. १९७१ सालीं जें केवळ निवेदनांत होतें, त्याचा आशय आतां कलमांत आला. हा एक सौदा होता, आणि दोन्ही पक्षांनीं तो समजून-उमजून केला होता.

३. नव्या यंत्रांचा प्रवेश

सौद्याचे शब्द एका यंत्रासाठीं लिहिले गेले आणि लोकांच्या हातीं दुसरेंच यंत्र आलें. १९९२ च्या कायद्यांतून संगणक वगळलेले होते. १९९८ सालीं डायमंड कंपनीनें ‘रिओ’ नांवाचें खिशांत मावणारें वादनयंत्र काढलें. त्यावर कंपन्यांच्या संघटनेनें दावा केला. १९९९ सालीं अपील न्यायालयानें ठरविलें कीं, हें यंत्र संगणकावरून संगीत उतरून घेतें, म्हणून तें त्या कायद्याखालचें मुद्रणयंत्रच नव्हे. यंत्र वांचलें, पण आकाराची योजना त्यामुळें निष्प्रभ झाली, कारण पुढील काळांतील बहुतेक यंत्रें याच जातीचीं निघालीं.

दरम्यान १९९५ सालीं आणखी एक बदल झाला होता. अमेरिकेंत साधी नभोवाणी ध्वनिमुद्रिका वाजवी तेव्हां गीतकारास मोबदला मिळे, परंतु गायकास व मुद्रिका-कंपनीस कांहींच मिळत नसे. १९९५ च्या कायद्यानें अंकीय प्रक्षेपणापुरता हा मोबदला त्यांस मिळूं लागला. उपग्रहावरून चालणाऱ्या, मासिक वर्गणीच्या नभोवाणीस सरकारनें ठरविलेल्या दरानें परवाना मिळे. पण तो संगीत ऐकविण्याचा परवाना होता, विकण्याचा नव्हता. ही मर्यादा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

एक्स. एम. या कंपनीनें २५ सप्टेंबर २००१ रोजीं अशी सेवा सुरू केली. तिच्या दोन उपग्रहांचीं नांवें ‘रॉक’ व ‘रोल’ अशीं होतीं. संगणकास जोडावयाचा एक ग्राहक-संच तिनें काढला होता. २००४ सालीं एका श्रोत्यानें असा कार्यक्रम रचला कीं, संचावरील प्रत्येक गाणें आपल्या नांवानिशीं वेगळें होऊन संगणकांत सांठून राही. त्याच वर्षीं कंपनीनें त्या संचाची विक्री बंद केली.

४. ‘इनो’ यंत्राचा दावा

पुढें २००६ सालीं जवळजवळ हेंच काम करणारें यंत्र खुद्द एक्स. एम. च्या ग्राहकांसाठीं बाजारांत आलें. पायोनिअर कंपनीनें बनविलेल्या ‘इनो’ यंत्रांत पन्नास तासांचें संगीत सांठे. चालू असलेलें गाणें आवडलें तर कळ दाबतांच तें राखून ठेवतां येई. गाणीं हव्या त्या क्रमानें लावतां येत. मात्र तीं यंत्राबाहेर काढतां येत नसत, आणि वर्गणी थांबली कीं तीं ऐकावयास मिळत नसत. १६ मे २००६ रोजीं मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांनीं न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयांत एक्स. एम. वर दावा दाखल केला, आणि प्रत्येक गाण्यामागें दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई मागितली.

वादींचें म्हणणें असें : परवाना ऐकविण्याचा असतां प्रतिवादी गाण्यांचें वाटप करीत आहे, जी दुकानें गाणें विकून त्याचा पैसा आम्हांस देतात त्यांच्याशीं ही फुकटची स्पर्धा आहे. प्रतिवादीचें म्हणणें असें : श्रोते नभोवाणीवरून पिढ्यान्‌पिढ्या मुद्रण करीत आले आहेत, १९९२ च्या कायद्यानें त्यांस व यंत्र पुरविणाऱ्यांस अभय दिलें आहे, आणि प्रक्षेपणाचा मोबदला आम्ही भरतोंच.

दोन्ही बाजूंत तथ्य होतें. जें यंत्र नभोवाणीचें रूपांतर वैयक्तिक संगीत-संग्रहांत करतें, तें ऐकणें व विकत घेणें यांतील जुनी सीमा पुसून टाकतें, हें वादींचें निरीक्षण खोटें नव्हतें. उलट पक्षीं, त्या संग्रहाचा श्रोता पुरता धनीही होत नव्हता, हें प्रतिवादीचें उत्तरही खरें होतें. १९ जानेवारी २००७ रोजीं न्यायमूर्ति डेबोरा बॅट्स यांनीं दावा प्रारंभींच फेटाळण्याची विनंति अमान्य केली. १९९२ च्या कायद्याचें अभय यंत्र पुरविणाऱ्यास आहे. परंतु जो स्वतःच प्रक्षेपण करतो व त्याच संगीताचा साठा करवून देतो, त्यास त्या दुसऱ्या कृत्याबद्दल तें अभय मिळतेंच असें नाहीं, असा त्यांचा आशय होता. हा अंतिम निकाल नव्हता. तसा निकाल पुढेंही लागला नाहीं. डिसेंबर २००७ पासून एकेका कंपनीनें एक्स. एम. शीं खासगी तडजोड केली, आणि जुलै २००८ मध्यें एक्स. एम. कंपनी आपल्या प्रतिस्पर्धी सिरियसमध्यें विलीन झाली.

५. कायदेमंडळांतील प्रयत्न

न्यायालयांत दावा चालू असतां कायदा बदलण्याचीही खटपट झाली. अंकीय प्रक्षेपणांत एक गुप्त खूण घालावी व ती पाहून ग्राहक-यंत्रानें नक्कल मर्यादित करावी, ही कल्पना दूरचित्रवाणीसाठीं २००३ सालीं सरकारी दळणवळण आयोगानें नियमांत आणली होती. ग्रंथालयांच्या संघटनेनें त्यास हरकत घेतली, आणि ६ मे २००५ रोजीं अपील न्यायालयानें तो नियम आयोगाच्या अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द केला. तशीच खूण नभोवाणीसाठींही असावी, अशी ध्वनिमुद्रिका-कंपन्यांची मागणी होती. २००६ सालीं सीनेटमध्यें आलेल्या एका विधेयकांत श्रोत्यास ठराविक वेळेचा कार्यक्रम टिपण्याची मुभा होती. गाणें किंवा गायक निवडून यंत्राकरवीं आपोआप टिपण्याची नव्हती. तें विधेयक २००७ सालीं पुन्हां मांडलें गेलें, पण कायदा झाला नाहीं.

६. उपसंहार

वरील वृत्तांतावरून असें दिसतें कीं, १९७१ चें निवेदन, १९८४ चा निकाल व १९९२ चें कलम यांपैकीं एकही रद्द झालें नाहीं. आणि तरीही अंकीय नभोवाणीचा श्रोता काय टिपूं शकतो, हें ठरविलें तें कंपन्यांच्या आपसांतील करारांनीं. त्या करारांत श्रोता हा पक्षकार नव्हता. कलावंताचा मोबदला हा खरा प्रश्न होता आणि तो सुटणें अवश्य होतें. पण १९६५ सालीं जर्मनींत त्याचा जो मार्ग निघाला तो सर्वांसमक्ष, कायद्याच्या कलमांत निघाला होता. आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्वहक्क-कायद्याच्या कलम ३९ नें प्रक्षेपणावरून स्वतःच्या खासगी उपयोगासाठीं, तसेंच अध्यापन व संशोधन यांसाठीं, केलेलें मुद्रण प्रक्षेपण-संस्थेच्या हक्काचा भंग ठरत नाहीं असें सांगितलें आहे. ही तरतूद संशोधकांनीं माहीत करून घेण्यासारखी आहे.

या सर्वांत इतिहासाचें काय जातें, असें कोणी विचारील. विल्यम सॅव्हरी नांवाच्या ध्वनितंत्रज्ञानें १९३५ ते १९४१ या काळांत न्यूयॉर्कच्या नभोवाणीवरील जॅझ संगीत शेंकडों तबकड्यांवर टिपून आपल्याजवळ ठेविलें. बेनी गुडमन, काउंट बेसी, कोलमन हॉकिन्स यांचें असें वादन त्यांत आहे कीं जें अन्यत्र उरलें नाहीं. तो २००४ सालीं वारला. २०१० सालीं त्याचा संग्रह हार्लेम येथील राष्ट्रीय जॅझ संग्रहालयाच्या ताब्यांत आला. तो लोकांपुढें आणण्याच्या मार्गांतही स्वामित्वहक्काचाच प्रश्न आडवा आला. परंतु तो संग्रह होता, म्हणून प्रश्न तरी उपस्थित झाला. ‘इनो’ यंत्रांतील पन्नास तासांस तें भाग्य लाभणें शक्य नाहीं, कारण वर्गणीबरोबर त्यांचें ऐकणेंही संपलें. जी नक्कल मालकाच्या दप्तरांत राहात नाहीं, ती पुढच्या पिढीच्या हातीं येत नाहीं. आपल्याकडील जुन्या संगीत-श्रोत्यांच्या घरीं नभोवाणीवरून टिपलेल्या फिती अद्याप असतील. त्या झिजून जाण्यापूर्वीं त्यांच्या याद्या व्हाव्या व त्या सुरक्षित स्थळीं ठेविल्या जाव्या, इकडे अभ्यासकांनीं लक्ष द्यावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.